नदी वरच्याच्या मालकीची असते काय? रोहिणीपासून सिंधूपर्यंत पाणीवाटपाच्या कायद्याचा इतिहास

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसांची हत्या केली. दुसऱ्याच दिवशी भारत सरकारने १९६० चा सिंधू जलकरार स्थगित ठेवत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर 'पाणी तोडा', 'एक थेंबही सोडू नका' अशा घोषणांचा महापूर आला. वाहिन्यांवरून आला, चौकातल्या फ्लेक्सवरून आला, आणि आमच्या वस्त्यांमधल्या व्हॉट्सॲप गटांवरूनही आला. डीपीला बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या आमच्या तरुणांनीही त्या पोस्ट पुढे ढकलल्या. हत्याकांडाचा संताप आम्हालाही आहे, आणि हत्यारांना व त्यांच्या पाठीराख्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण 'पाणी तोडा' या घोषणेच्या पोटात एक जुने गृहीतक दडलेले आहे. नदी वरून येते, वर आम्ही बसलो आहोत, म्हणून पाणी आमचे. खालच्याला द्यायचे की नाही ही आमची मर्जी, असे ते गृहीतक आहे.

हे वाक्य आम्ही याआधी कुठे ऐकले आहे? आमच्या आजोबा-पणजोबांना विचारा. गावच्या नदीवर वरचा पाणवठा सवर्णांचा आणि खालचा पाणवठा आमचा, हा नियम त्यांना कोणी वाचून दाखवला नव्हता. तो त्यांनी भोगला होता. म्हणून देशादेशांतल्या नद्यांचा कायदा हा परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्यांचा विषय आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून चालणार नाही. या कायद्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे 'वरचा म्हणेल ती पूर्व दिशा' या दंडकापासून 'समन्यायी वाटप' या तत्त्वापर्यंतचा प्रवास आहे. तो प्रवास कसा झाला आणि कुठे अडला, हे आम्ही या लेखात मांडत आहोत.

हार्मनचा दंडक

सुरुवात अमेरिकेपासून करू. रिओ ग्रांदे ही नदी कोलोरॅडोच्या डोंगरात उगम पावते, न्यू मेक्सिकोतून खाली येते आणि पुढे अमेरिका व मेक्सिको यांची सीमा बनून वाहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वरच्या भागातील अमेरिकी शेतकऱ्यांनी पाट काढून पाणी वळवायला सुरुवात केली. खाली मेक्सिकोच्या शेतकऱ्यांच्या शेतात पिढ्यान्पिढ्या येणारे पाणी आटू लागले. मेक्सिकोने तक्रार केली की हे पाणी आम्ही तुमच्या वसाहतींच्या आधीपासून वापरत आलो आहोत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या महान्यायवादीचे मत मागवले. त्यांचे नाव जडसन हार्मन. १२ डिसेंबर १८९५ रोजी त्यांनी मत दिले. त्याचा सारांश असा : प्रत्येक राष्ट्र आपल्या हद्दीत संपूर्ण सार्वभौम आहे, हद्दीतल्या पाण्याचे काय करायचे यावर आंतरराष्ट्रीय कायद्याचे कोणतेही बंधन नाही, खालच्या राष्ट्राचे नुकसान झाले तरी वरच्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही.

यालाच पुढे 'हार्मन सिद्धान्त' म्हणू लागले. आम्ही त्याला वरच्या पाणवठ्याचा कायदा म्हणतो. दोन्हींत फरक आहे हे आम्हाला मान्य आहे. गावात वरचा पाणवठा विटाळाच्या कल्पनेने राखला जात होता, इथे सार्वभौमत्वाच्या कल्पनेने राखला जातो. परंतु दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. खाली उभ्या असलेल्या माणसाची गरज हा विचारात घेण्याचा मुद्दाच नाही, असे ठरवून टाकलेले आहे. त्याला पाणी मिळालेच तर ते उपकार म्हणून मिळेल, हक्क म्हणून नाही.

घडलेही तसेच. १९०६ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून दरवर्षी ६०,००० एकर-फूट पाणी द्यायचे कबूल केले. पण त्याच करारात लिहून ठेवले की हे पाणी देण्यामागे मेक्सिकोचा कोणताही कायदेशीर हक्क आम्ही मान्य करत नाही. पाणी दिले, हक्क नाकारला. ज्यांच्या पूर्वजांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले गेले आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

गंमत अशी की अमेरिकेला स्वतःच्या घरात हा सिद्धान्त चालवता आला नाही. आर्कान्सा नदीवरून कॅन्सस आणि कोलोरॅडो ही दोन राज्ये भांडली तेव्हा कोलोरॅडो वरचे राज्य होते आणि हार्मनचीच भाषा बोलत होते. १९०७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती भाषा स्वीकारली नाही. दोन्ही राज्ये समान दर्जाची आहेत, म्हणून पाण्याच्या लाभाची न्याय्य विभागणी झाली पाहिजे, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. आपल्या महाराष्ट्रात पाणी चळवळीने रुजवलेला 'समन्यायी' हा शब्द याच अर्थाचा आहे. घरात समन्याय आणि शेजाऱ्याशी मालकी, असा हा दुटप्पीपणा होता.

सिंध विरुद्ध पंजाब : फाळणीच्या आधीचे भांडण

सिंधूच्या पाण्याचे भांडण भारत-पाकिस्तानने सुरू केले असा अनेकांचा समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. ब्रिटिश अमदानीत पंजाब हा वरचा प्रांत होता आणि सिंध हा खालचा. पंजाबात कालव्यांचे प्रचंड जाळे उभे राहिले होते आणि भाक्रा धरणासारख्या नव्या योजना पुढे येत होत्या. आपल्या कालव्यांना पाणी उरणार नाही म्हणून सिंधने तक्रार केली. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात प्रांतांमधील पाणीतंट्यांची तरतूद होती. तिच्यानुसार १९४१ मध्ये सिंधू आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते बेनेगल नरसिंह राव. हेच राव पुढे संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार झाले. संविधानाच्या कामात बाबासाहेबांनी ज्यांच्या परिश्रमाचा उल्लेख केला, तेच हे बी. एन. राव.

राव आयोगाने १९४२ मध्ये अहवाल दिला. जगभरातले तंटे आणि निवाडे तपासून आयोगाने सांगितले की सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे संबंधित प्रांतांचा आपसांतला करार. तो होत नसेल तर पाण्याची न्याय्य वाटणी. वरच्या प्रांताची निरंकुश मालकी आयोगाने मानली नाही. हार्मनचा सिद्धान्त भारताच्या भूमीवर, भारतीय न्यायाधीशाच्या हातून, स्वातंत्र्याच्या पाच वर्षे आधीच निकालात निघाला होता.

त्याच १९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सिंचन आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. दामोदर खोरे योजना, महानदीवरील हिराकूड, १९४५ मध्ये स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग हे सारे त्या चार वर्षांतले काम आहे. त्यांची भूमिका स्पष्ट होती : नियोजनाचे एकक नदीचे अख्खे खोरे असले पाहिजे, प्रांताची सीमा नव्हे. पुढे संविधानात अनुच्छेद २६२ आला आणि आंतरराज्यीय नद्यांच्या तंट्यांसाठी निवाड्याची वेगळी वाट ठेवली गेली. केंद्रीय सूचीत ५६ वी नोंद आली. गोदावरी, कृष्णा, कावेरी यांचे लवाद त्याच वाटेने उभे राहिले. त्या निवाड्यांवर वाद असू शकतात. पण वरच्या राज्याने धरणाचे दरवाजे बंद करून 'आमचे पाणी' म्हणावे, हे आपल्या संविधानाला मान्य नाही.

१ एप्रिल १९४८

फाळणीची रेषा कालव्यांच्या जाळ्यावरून गेली. धरणाचे व कालव्याचे मुख भारतात आणि शेत पाकिस्तानात अशी स्थिती झाली. डिसेंबर १९४७ मध्ये 'जैसे थे' करार झाला. त्याची मुदत ३१ मार्च १९४८ ला संपली. दुसऱ्याच दिवशी पूर्व पंजाब सरकारने अप्पर बारी दोआब आणि दिपालपूर या कालव्यांतून पाकिस्तानकडे जाणारे पाणी बंद केले. खरिपाच्या तोंडावर लाहोरच्या परिसरातील शेते कोरडी पडली. पूर्व पंजाबचे म्हणणे होते की हे पाणी आमच्या मालकीचे आहे. राव आयोगाने नाकारलेला दावा सहा वर्षांत परत उभा राहिला.

४ मे १९४८ रोजी दिल्लीत दोन्ही सरकारांत समझोता झाला आणि पाणी पुन्हा सुरू झाले. पश्चिम पंजाबला दुसरी सोय करायला वेळ दिल्याशिवाय पाणी अचानक तोडायचे नाही, हे पूर्व पंजाबने मान्य केले. मालकीचा वाद मात्र मिटला नाही. १९५१ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचे माजी अध्यक्ष डेव्हिड लिलिएन्थल या भागात येऊन गेले आणि त्यांनी लेख लिहून सुचवले की हा तंटा राजकारणातून काढून अभियंत्यांच्या हाती द्यावा. जागतिक बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी ती सूचना उचलली. दामोदर खोऱ्यासाठी बाबासाहेबांच्या काळात जो नमुना समोर ठेवला गेला होता, तोही टेनेसीचाच. पण लिलिएन्थलना अभिप्रेत असलेले संयुक्त खोरे-व्यवस्थापन दोन्ही देशांना झेपले नाही. १९५४ मध्ये बँकेने प्रस्ताव ठेवला की नद्याच वाटून घ्या.

अखेर १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत पंडित नेहरू आणि अयुब खान यांनी करारावर सह्या केल्या. जागतिक बँकेनेही ठरावीक कलमांपुरती सही केली. रावी, बियास, सतलज या पूर्वेकडील नद्या भारताला. सिंधू, झेलम, चिनाब या पश्चिमेकडील नद्या मुख्यतः पाकिस्तानला. पश्चिमेकडील नद्यांवर भारताला घरगुती वापर, मर्यादित सिंचन, मर्यादित साठा आणि ठरलेल्या अटींवर जलविद्युत यांची मुभा मिळाली. पाण्याच्या हिशेबात साधारण ८० टक्के पाकिस्तानकडे गेले. त्याचबरोबर पाकिस्तानला बदली कालवे बांधता यावेत म्हणून भारताने ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड दहा हप्त्यांत देण्याचे मान्य केले.

'नेहरूंनी पाणी देऊन टाकले' अशी ओरड तेव्हाही झाली, आजही होते. पण तीन नद्यांवर कायमचा निर्वेध हक्क भारताला याच कराराने मिळाला. भाक्रा-नांगल आणि राजस्थानचा कालवा याच पाण्यावर उभे आहेत. तंटा सोडवण्याची पायरी-पायरीची व्यवस्थाही मिळाली : आधी दोन्ही देशांच्या आयुक्तांचा स्थायी सिंधू आयोग, मग तटस्थ तज्ज्ञ, मग लवाद न्यायालय. बगलिहार धरणावर पाकिस्तानने हरकत घेतली. २००७ मध्ये तटस्थ तज्ज्ञाने बरेचसे मुद्दे भारताच्या बाजूने निकाली काढले. किशनगंगेच्या प्रकरणात २०१३ मध्ये लवाद न्यायालयाने भारताला पाणी वळवून वीज करण्याची परवानगी दिली, पण नदीत दर सेकंदाला किमान ९ घनमीटर पाणी सोडण्याची अट घातली. १९६५, १९७१ आणि १९९९ ची युद्धे झाली. करार टिकला.

कायदा पुढे सरकला

याच काळात जगात काय घडत होते? १९५७ मध्ये फ्रान्स आणि स्पेन यांच्यातील लानू सरोवराचा निवाडा लागला. पिरेनीज पर्वतातल्या या सरोवराचे पाणी वीजनिर्मितीसाठी दुसऱ्या खोऱ्यात वळवायचे आणि तेवढेच पाणी बोगद्यातून स्पेनकडे जाणाऱ्या नदीला परत द्यायचे, अशी फ्रान्सची योजना होती. स्पेन म्हणाला, आमच्या संमतीशिवाय हात लावू नका. लवादाने स्पेनला नकाराधिकार दिला नाही. पण वरच्या राष्ट्राने खालच्याशी प्रामाणिकपणे बोलणी करणे आणि त्याच्या हिताचा खराखुरा विचार करणे बंधनकारक आहे, हे सांगितले. वरच्याचा मनमानी हक्क गेला आणि खालच्याच्या हाती नकाराचे शस्त्रही दिले गेले नाही.

१९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय विधी संघटनेने हेलसिंकी नियम तयार केले. त्यांत न्याय्य आणि वाजवी वापर हे तत्त्व केंद्रस्थानी आले. लोकसंख्या किती, आजवरचा वापर काय, हवामान कसे, दुसरा स्रोत उपलब्ध आहे का, असे निकष लावून वाटा ठरवायचा. नदीच्या मुखापाशी कोण आणि उगमापाशी कोण, एवढ्यावर काहीच ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने त्यावर पुढे पाव शतक काम केले आणि २१ मे १९९७ रोजी आमसभेने आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांचा करारनामा स्वीकारला. त्याचा गाभा चार गोष्टींत सांगता येतो : न्याय्य व वाजवी वापर, शेजाऱ्याला मोठी इजा न करणे, नव्या प्रकल्पाची आगाऊ सूचना व माहितीची देवाणघेवाण, आणि तंटा झाला तर माणसांच्या मूलभूत गरजांचा विशेष विचार. बाजूने १०३ मते पडली, २७ देश तटस्थ राहिले, त्यांत भारतही होता आणि पाकिस्तानही. विरोधात फक्त तीन देश होते : तुर्कस्तान, बुरुंडी आणि चीन. करारनामा २०१४ मध्ये अमलात आला. भारत त्याचा सदस्य नाही. परंतु न्याय्य वापराचे तत्त्व आज रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग मानले जाते.

त्याच वर्षी, २५ सप्टेंबर १९९७ रोजी, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने डॅन्यूब नदीचा निकाल दिला. १९७७ च्या करारानुसार हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाला मिळून धरणे बांधायची होती. १९८९ मध्ये हंगेरीने पर्यावरणाचे कारण देऊन काम थांबवले. चेकोस्लोव्हाकियाने १९९२ मध्ये एकतर्फी नदी वळवली. न्यायालयाने दोघांनाही दोषी धरले. एकाने करार एकतर्फी मोडायला नको होता, दुसऱ्याने नदी एकतर्फी बळकावायला नको होती. सामाईक नदीत काठच्या सगळ्या राष्ट्रांचा सामाईक हितसंबंध असतो, ही १९२९ च्या ओडर नदीच्या खटल्यात नौकानयनापुरती मांडलेली कल्पना न्यायालयाने नदीच्या इतर वापरांनाही लागू केली.

सिंधू करार 'स्थगित' ठेवण्याचा प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहा. कराराच्या बाराव्या कलमात लिहिले आहे की दोन्ही सरकारे नवा करार करून हा करार संपवीपर्यंत तो चालू राहील. एकतर्फी स्थगितीची तरतूद त्यात नाही. उद्या हे प्रकरण कुठल्याही निष्पक्ष मंचावर गेले तर हा प्रश्न आपल्याला विचारला जाणारच.

आपण वरही आहोत आणि खालीही

'पाणी तोडा' म्हणणारे आणखी एक गोष्ट विसरतात. सिंधूच्या पश्चिमेकडील नद्यांवर आपण पाकिस्तानच्या वर आहोत. पण ब्रह्मपुत्रेवर आपण चीनच्या खाली आहोत. तिबेटमध्ये जिला यारलुंग त्सांगपो म्हणतात त्या नदीवर चीनने जुलै २०२५ मध्ये महाकाय जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. अरुणाचल आणि आसामच्या लोकांना त्याची चिंता वाटते, आणि ती रास्त आहे. चीनने १९९७ च्या करारनाम्याविरुद्ध मत दिले होते. आपण चिनाबवर हार्मनची भाषा बोलणार असू, तर ब्रह्मपुत्रेवर कोणत्या तोंडाने समन्यायाची भाषा बोलणार?

गंगेवर आपण पुन्हा वर आहोत, खाली बांगलादेश आहे. कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून फरक्का बंधारा बांधला गेला आणि १९७५ मध्ये सुरू झाला. ४० हजार क्युसेक पाणी हुगळीकडे वळवण्याची त्याची क्षमता आहे. मे १९७६ मध्ये मौलाना भाशानी यांनी हजारो लोकांचा मोर्चा फरक्क्याच्या दिशेने नेला. १२ डिसेंबर १९९६ रोजी तीस वर्षांचा गंगा करार झाला. १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या काळात फरक्क्याला ७० हजार क्युसेकपर्यंत पाणी असेल तर निम्मे-निम्मे वाटायचे, त्याहून जास्त असेल तर ठरलेल्या सूत्राने, असा तो हिशेब आहे. त्याची मुदत डिसेंबर २०२६ ला संपते.

फरक्क्यामुळे कोरड्या ऋतूत गोराई नदी आटली आणि बांगलादेशाच्या नैर्ऋत्येला, खुलना-जेसोरच्या पट्ट्यात, समुद्राचे खारे पाणी आत शिरले. हा पट्टा आम्हाला परका नाही. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्याचे दरवाजे बंद झाले, तेव्हा बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या साथींनी त्यांना निवडून पाठवले. आपल्याकडे बाबासाहेबांची ती जागा जेसोर-खुलना म्हणूनच सांगितली जाते. नमोशूद्रांचा, मच्छीमारांचा, भातशेती करणाऱ्यांचा हा मुलूख आहे. संविधानाच्या शिल्पकाराला ज्यांनी संविधान सभेत पाठवले, त्यांच्या नातवंडांच्या शेतात खारे पाणी शिरत असताना आंबेडकरी चळवळीने गंगा कराराविषयी एक शब्दही बोलू नये, हे आम्हाला बरोबर वाटत नाही.

रोहिणीचा धडा

आमच्याकडे या प्रश्नावर अडीच हजार वर्षांपूर्वीची एक भूमिका आहे. शाक्य आणि कोलिय या दोन गणराज्यांमधून रोहिणी नदी वाहत होती. दोघेही तिच्या पाण्यावर शेती करत. पाणी कोणी आधी घ्यायचे आणि किती घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या लोकांत मारामाऱ्या होत. अट्ठकथांमध्ये येणारी कथा अशी की तथागतांनी दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभे राहून पाण्याची किंमत जास्त की माणसांच्या रक्ताची, असा प्रश्न विचारला.

बाबासाहेब याच्याही मागे गेले. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांच्या बुद्धीला पटली नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी गृहत्यागाचे कारण रोहिणीचा पाणीतंटा हे मांडले. सेनापतीने कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव संघासमोर आणला. सिद्धार्थाने विरोध केला. त्याने आधी विचारले की चूक नेमकी कोणाची याची चौकशी झाली आहे का, आमच्या लोकांनीही आगळीक केली असेल तर काय? मग त्याने पर्याय ठेवला : दोन माणसे शाक्यांनी निवडावीत, दोन कोलियांनी, आणि या चौघांनी पाचवा निवडावा, या पाचांनी निवाडा करावा. बहुमताने ठराव फेटाळला गेला. युद्धात सामील न होण्याची किंमत म्हणून सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली.

आता सिंधू कराराचे परिशिष्ट पाहा. लवाद न्यायालयात दोन सदस्य भारताचे, दोन पाकिस्तानचे आणि तीन तटस्थ. लानू सरोवराचा निवाडा देणारा लवाद पाच जणांचा होता, आणि तो निवाडाही १९५७ चाच. बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या तोंडी घातलेला पर्याय ही भाबडी शांततावादी कल्पना नव्हती. कायद्याचे आणि जगातल्या लवादांचे ज्ञान असलेल्या माणसाने मांडलेली ती कार्यपद्धती होती : आधी सत्यशोधन, मग समान प्रतिनिधित्व, मग तटस्थाचा निवाडा. रोहिणी आजही नेपाळातून उत्तर प्रदेशात वाहते आणि गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. म्हणजे आजच्या नकाशावरही ती दोन देशांचीच नदी आहे.

कायद्याला न दिसणारी माणसे

या कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. आंतरराष्ट्रीय कायदा राष्ट्रांना ओळखतो, माणसांना फारसा ओळखत नाही. सिंधू कराराने नद्या वाटल्या. त्या पाण्याचे कालव्याच्या टेलला काय होते हे त्याने विचारले नाही. करारानंतर झेलमवर मंगला धरण झाले आणि मीरपूर भागातील एक लाखाहून अधिक माणसे उठवली गेली. त्यांतली कितीतरी कुटुंबे इंग्लंडच्या कापड गिरण्यांत मजुरीला गेली. आपल्याकडे भाक्रा आणि पोंगच्या विस्थापितांची कहाणी फार वेगळी नाही.

आणि पाणी खरोखर तोडले तर कोण तहानेल? पाकिस्तानच्या लष्कराच्या छावण्यांना पाणी मिळेलच. मोठ्या जमीनदाराचा पाट कालव्याच्या मुखापाशी असतो, त्यालाही मिळेल. सर्वांत शेवटी, बदीन, उमरकोट, थरपारकरच्या टेलला बसला आहे तो सिंधचा भूमिहीन हारी. त्या हाऱ्यांमध्ये कोल्ही, भील आणि मेघवाड मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे पाकिस्तानातले दलित. फाळणीनंतर जे तिकडेच राहिले, ज्यांना तिथला जमीनदारही माणूस मानत नाही, त्यांच्या घशाला आमच्या देशभक्तीची पहिली झळ बसणार. हेड ते टेल हे गणित मराठवाड्याच्या शेतकऱ्याला समजते. वर नाशिक-नगरची धरणे भरलेली आणि जायकवाडी तळाला गेलेली, हे त्याने अनुभवले आहे. तेच गणित सिंधच्या हाऱ्याला लागू आहे.

२८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पिण्याचे पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव १२२ मतांनी संमत केला. विरोधात एकही मत नव्हते. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा ८३ वर्षे झाली होती. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले तेव्हा कायदा आमच्याच बाजूने होता. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव होता. कागदावर हक्क होता, काठावर लाठ्या होत्या. उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडले. त्यामुळे कागदावरच्या हक्काला आम्ही कमी लेखत नाही आणि तो पुरेसा आहे असेही मानत नाही. तो अमलात यायला माणसांची चळवळ लागते.

आक्षेप आणि उत्तर

आम्हाला विचारले जाईल, दहशतवाद पोसणाऱ्या राष्ट्राशी करार कसला पाळायचा? प्रश्न खोटा नाही. पण दहशतवादाविरुद्ध लढण्याची साधने वेगळी आहेत आणि ती वापरावीत. पाणी हे शिक्षेचे साधन झाले की शिक्षा गुन्हेगाराला होत नाही, वस्तीला होते. गावाने बहिष्कार टाकून विहीर बंद केली की काय होते, हे आम्ही चांगले जाणतो. त्यातही व्यवहार पाहा. पश्चिमेकडील नद्यांचा पूर अडवून धरील एवढा साठा आज आपल्याकडे नाही. म्हणजे घोषणेने शेजाऱ्याचे पाणी लगेच तुटत नाही. मात्र उद्या चीनला देण्यासाठी एक दाखला तयार होतो.

करार १९६० चा आहे. हवामान बदलले, हिमनद्या वितळू लागल्या, लोकसंख्या वाढली, भूजल उपसले गेले. त्याचा फेरविचार जरूर व्हावा. तो बोलणीच्या टेबलावर व्हावा, आणि त्यात नदीच्या टेलला बसलेल्या माणसांचा, नदीच्या किमान प्रवाहाचा विचार यावा. गंगा कराराचे नूतनीकरण वेळेत व्हावे आणि खुलन्यातल्या खाऱ्या शेतांची दखल त्यात घेतली जावी. आणि आमच्या कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांचे मजूरमंत्री असतानाचे पाण्याविषयीचे काम चळवळीच्या वाचनवर्गांत आणावे. महाडचे तळे आम्ही दरवर्षी आठवतो, दामोदर आणि रोहिणी मात्र विसरतो.

पुढची 'पाणी तोडा' ची पोस्ट आली की आमच्या तरुणांनी ती पुढे पाठवण्याआधी स्वतःला एवढेच विचारावे : या नदीच्या टेलला कोण बसले आहे?

जय भीम.